घ्यायला या

गाडीतून उतरताच पंढरीचा पाय चिखलात रुतला आणि त्याचा उरलासुरला धीर सुटला. भिवंडीजवळच्या कोनहून तो सकाळी निघाला होता. कसाऱ्याच्या घाटात दोन तास ट्रकांच्या मागे गेले. आणि इथे, नाशिककडच्या या बागेत, जावई रघू घराच्या पायरीवर नुसता बसून होता. उठला नाही, ‘या’ म्हणाला नाही. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट, पाठ बागेकडे.

होळीच्या सुमारास डोंगरावरचा वणवा खाली उतरला. तोडणीला आठवडा असताना वाइनची द्राक्षं वेलींसकट जळाली. तेव्हापासून पंढरी लेकीला माहेरी बोलावत होता. मेघाली ऐकेल तर शपथ! काल मात्र तिचाच फोन आला, “बाबा, घ्यायला या.” त्याच्या बायकोने, राहीबाईने, लगेच लेकीची खोली झाडून काढली होती.

मेघाली बागेतून आली. साडी वर खोचलेली, पाय चिखलाने भरलेले, हातात कलमाचा चाकू. तिच्यामागे काळ्या खोडांच्या रांगा होत्या आणि बुडाशी हिरवीगार फूट.

“फुटली की गं बाग!” पंढरी म्हणाला.

“ती रानटी खुंटाची फूट हाय, बाबा. तिला आपलं द्राक्ष येत न्हाय. तिच्यावर नवं कलम बांधायचं.”

“मंग द्राक्षं कवा?”

“दोन वर्षांनी.”

पंढरीचा पारा चढला. “दोन वर्षं राख चिवडत बसशील? आन् हा असा बसून बघणार? बस झालं. चल, गाडीत बस!” त्याने गाडीचं दार खसकन उघडलं.

मेघालीने चाकू पदराला पुसला. ती पायरीपाशी गेली. नवऱ्याचा हात धरून तिने त्याला उठवलं, हळूहळू गाडीपर्यंत आणलं आणि आत बसवलं. रघूने एकदाही बागेकडे मान वळवली नाही.

“मी न्हाय येत, बाबा,” ती म्हणाली. “यांना न्या. आग लागली तवापासून यांना झोप न्हाय. बागेत पाऊल टाकलं की थरथर कापतात. कलमं मी बांधते.”

 पंढरी दार धरून तसाच उभा राहिला.

“आन् जावई म्हणून नका नेऊ,” मेघालीचा आवाज पहिल्यांदाच कातर झाला. “मी आजारी पडले असते तर मला जसं नेलं असतं, तसं न्या.”