रिकामी ओळ

झालं, बाविसाव्या दिवशीही चाचणीत पंप मध्येच अडकला. रुग्णाला थेंब थेंब औषध देणारं ते यंत्र. त्याचा कर्नेल, म्हणजे सगळ्यात तळाचा कोड, तिच्या गळ्यात पडलेला. तो यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर नुकताच बदलायला घेतला होता. डोळे शिणून गेले होते. पर्समध्ये वृद्धाश्रमाचा फॉर्म होता. दादाने भरून पाठवलेला, आज फक्त तिची सही हवी होती. कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, ‘वडील घरात काही करत नाहीत.’

खोटं काय होतं त्यात? बाबा दिवसभर दाराजवळच्या खुर्चीत बसून. अवाक्षर नाही.

शेवटी तिने मूळ कोड लिहिणाऱ्या, आता निवृत्त झालेल्या सरांना फोन लावला.

“कंपायलर बदलताय म्हणे. जुन्याच्या खास सोयी काढून टाकताय,” सर म्हणाले. “त्यात एक रिकामी सूचना होती, कंसात काहीच नसलेली. आहे ना जागेवर?”

“काढली. काही करतच नव्हती ती.”

“अगं बाई, कंपायलर अतिशहाणा. वेळ वाचवायला ओळी मागेपुढे करतो. ती मध्ये बसलेली असायची, म्हणून त्याचं काही चालत नव्हतं. आता ‘मात्रा तयार’ हा निरोप आधी पोचत असेल आणि मात्रेचा आकडा मागून; पंप मग अडकणारच. चूक माझीच. अशा ओळीच्या डोक्यावर कारण लिहायचा नियम आहे. मी कंटाळा केला.”

नव्या कंपायलरला कळेल अशा रूपात तिने ती ओळ परत घातली. दिवस मावळेपर्यंत पंप एकदाही अडकला नाही. निघताना तिने ओळीवर टीप लिहिली: ‘ही स्वतः काही करत नाही. हिच्यामुळे अलीकडचं अलीकडे, पलीकडचं पलीकडे राहतं. काढू नये.’

घरी येऊन तिने फॉर्म टेबलावर पसरला. बाबा खुर्चीत. एवढ्यात लेक तणतणत बाहेर आली.

“आई, तू परत माझ्या खोलीत...” तिची नजर आजोबांकडे गेली. आवाज खाली आला. “...जाऊ दे. दमलीस ना? चहा टाकू?”

मागच्या महिन्यात बाबा आठ दिवस दादाकडे होते. त्या आठ दिवसांत या घरात एक दार धड लागलं नव्हतं, सगळी आपटली होती. मायलेकींनी तेव्हा खापर कामाच्या ताणावर फोडलं होतं.

तिने पेन उघडलं. सहीची जागा कोरीच ठेवली. दादाच्या अक्षराखाली लिहिलं, ‘काढू नये.’