दोन सारख्या पिना

शिवलिंगप्पानं घरीच जुळवलेल्या रेडिओला दोन बॅटऱ्या होत्या, एक थोरली, एक धाकटी. थोरलीच्या तारेची पिन चुकून रेडिओवरच्या धाकटीच्या भोकात गेली, तर आतले काचेचे दिवे जळून खाक होणार. म्हणून त्याला एक पिन जाड आणि एक बारीक हवी होती. पण मंगळवार पेठेतल्या दुकानात सारख्याच पिना उरलेल्या. थांबायला सवड कुठली? विधवा झाल्यावर मुंबईला मामाकडं राहून गाणं शिकलेली त्याची लेक ईरम्मा आज संध्याकाळी पहिल्यांदा रेडिओवर गाणार होती.

त्यानं ओळखीसाठी थोरलीच्या पिनेला कुंकवाचं बोट लावलं आणि अंघोळीला गेला. येऊन बघतो, तर बायकोनं, शरणम्मानं, रेडिओला हार घालून पूजा केलेली. वेळ भरत आली होती. त्यानं घाईघाईनं कुंकवाची पिन उचलून थोरलीच्या भोकात खुपसली आणि उरलेली धाकटीच्या.

लखकन उजेड पडला, करपल्याचा वास सुटला आणि रेडिओ मुका झाला. त्यानं पिना उपटल्या. दोन्हींवर कुंकू होतं.

"अगं, ती माझी खूण होती की! दुसरीला कशाला लावलंस?" तो रडकुंडीला येऊन ओरडला.

शरणम्मानं त्याच्या हातातल्या पिनांकडं बघितलं.



"दोघी शेजारी शेजारी, अन् एकीचंच कपाळ मोकळं! आपल्या ईरीचं बघितलंय, तेवढं पुरं न्हाय का वो?"