शटरवरचं नाव

मंगळवार पेठेतल्या शाळेला फौंड्रीवाल्या फक्रुद्दीननं लेथ मशीन भेट दिलं आणि त्यावर झोकात स्वतःचं नाव रंगवलं. तेव्हापासून पोरं मशीनलाच फक्रुद्दीन म्हणायला लागली. "आज फक्रुद्दीनवर माझा नंबर हाय!" असं ओरडत कुणी शाळेकडं पळालं, की समोर गुळाच्या दुकानात बसलेल्या ईरप्पाचा नुसता जळफळाट व्हायचा.

"माझं नाव बी पोरांच्या तोंडी बसवून दावतो की न्हाय बघ," असं त्यानं बायकोला सुनावलं, आणि शाळेला थेट टीव्हीच देऊन टाकला. पेठेतला पहिला! मधोमध उघडून दोन्ही बाजूंना आत सरकणाऱ्या लाकडी शटरचा. पेंटरच्या उरावर बसून त्यानं शटरभर ठसठशीत अक्षरं काढून घेतली : ईरप्पा.

उद्घाटनाला हेडमास्तरांनी शटर सरकवलं, तसं नाव आत गेलं आणि चित्र दिसलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. कार्यक्रम ऐन रंगात आला असताना मास्तरांनी शटर ओढलं, नाव पुन्हा बाहेर आलं, आणि पोरांची तोंडं पडली. पुढं रोज संध्याकाळी हेच.

महिन्याभरात ईरप्पाचं नाव पोरांच्या तोंडी पक्कं बसलं.



परवा गल्लीत ऐन जेवणाच्या वेळी लाईट गेली, तसा घराघरातनं पोरांचा एकच ओरडा उठला, "झालं! आला ईरप्पा!"