हिवाळाभर अडकलेलं भांडं

चर्चच्या बायकांपैकी कुणीच खडूस म्हाताऱ्या ओरिनकडे जेवण न्यायला तयार नव्हतं, म्हणून वर्ना जाऊ लागली. दर गुरुवारी तो झाकण उचलून विचारायचा, “आज मीठ घातलंयस, की नुसतीच प्रार्थना?” ती मनात देवाकडे धीर मागायची. पण पहिलं जेवण ज्यातून नेलं, ते तिच्या आईचं काचेचं भांडं तो हिवाळाभर परत देईना. “देईन गं, घाई कसली?” शेवटी ती भडकली. “लोकांची भांडी दाबून ठेवायला लाज नाही वाटत?” पुढचे दोन गुरुवार ती गेलीच नाही. तिसऱ्या गुरुवारी ओरिनला पुरलं. त्याचं स्वयंपाकघर आवरताना वर्नाला भांडं सापडलं. शेजारी हातोडी आणि दाभण. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही गावची रीत. आखडलेल्या हातांनी परसातले टणक अक्रोड फोडून त्यानं गर त्यात साठवला होता. भांडं काठोकाठ भरायला दोनच बोटं उरली होती.