आजोबा हरवलेत!

घरच्यांचा डोळा चुकवून ईश्वरप्पा सकाळीच बाहेर पडले, ते दुपार झाली तरी परतले नाहीत. अलीकडं त्यांना घरचा रस्ताही आठवत नसे. लेकीनं, वर्षाराणीनं, 'आजोबा हरवलेत!' असं लिहून त्यांचा फोटो आणि आपला नंबर लातुरातल्या साऱ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला.

लगेच फोन आला.

"ताई, सूट साडीवरच हाय का ड्रेसवर पण?"

"कसली सूट? माझे अप्पा हरवलेत हो!"

"हाव की, तेच तर!" पलीकडची बाई हसली.

असेच फोन येत राहिले. शोधत शोधत वर्षाराणी गंजगोलाईच्या बाजारात पोचली, तेव्हा तिला उलगडा झाला. एका नव्या कापड दुकानाचे बॅनर जागोजागी लागले होते : 'आजोबा हरवलेत! बाजारात दिसले की सेल्फी काढा, दुकानात दाखवा आणि निम्म्या किमतीत साडी न्या!' दुकानदारानं कुणा म्हाताऱ्या नटाला बाजारात फिरायला सोडलं होतं.

गल्ल्या पालथ्या घालत ती बसस्टँडवर आली. तिथं ही गर्दी! माणसं ढकलत ती आत घुसली. मधोमध अप्पा उभे होते, घामानं निथळत, थरथरत. चहूबाजूंनी मोबाईल रोखलेले. ते एकेकापुढं हात जोडत होते, "माझ्या वर्षाला बोलवा हो, मला घरी जायचंय."

त्यांच्या खांद्याला खांदा लावून सेल्फी घेणारी एक बाई कौतुकानं म्हणाली,

"काय अ‍ॅक्टिंग करायलाय बघा म्हातारा!"