तुमच्या पश्चात

इतकी वर्षं बेरिलच्या घरकर्जाचं व्याज सरकार मदत म्हणून भरायचं. आता तीच मदत उसनी ठरून घरावर कर्जाचा बोजा म्हणून चढणार होती. कानाला कमी ऐकू येतं, म्हणून तिने सरकारी कचेरीतून आलेला फोन स्पीकरवर टाकला.

"काळजी नको, आजी. तुम्ही आहात तोवर घराला कुणी हात लावणार नाही. वसुली तुमच्या पश्चात."

"आणि माझा कॉलिन?"

पलीकडच्या मुलीने नियम पुन्हा पहिल्यापासून वाचला. चव्वेचाळीस वर्षांचा, पण सात वर्षांच्या समजेचा तिचा मुलगा कॉलिन समोर बसून चहात बिस्किट बुडवत होता.

तेव्हापासून रोज सकाळी बेरिलला जाग येते, ती नाकाशी धरलेल्या त्याच्या तळव्याने. हाताला श्वास लागला की तो म्हणतो, "घर आहे," आणि चहा ठेवायला जातो.