पहिलटकरीण

"पहिलटकरीण हाय आमची," हरणाबाईंनी सिस्टरच्या टेबलाशी जाऊन ठासून सांगितलं. त्याआधी दारातल्या बायकांनाही सांगून झालं होतं. पहिल्या बाळंतपणाला सरकार खात्यावर पैसे टाकतं हे कानावर आल्यापासून त्यांनी सुनेमागे लकडा लावला होता, आणि माया आज-उद्या करत होती. शेवटी हरणाबाईंनी पदर खोचला आणि तिला गाडीत घालून वडूजच्या सरकारी दवाखान्यात आणलंच. सरकारचा रुपया सोडणारी ती बाई नव्हे.

रेश्मा सिस्टरनी मायाचा आधार नंबर टाकला, अंगठा घेतला आणि संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिल्या.

"ही दुसरी खेप दाखवतंय," त्या म्हणाल्या. "आधीचं बाळंतपण मिरजेला झालंय. सहा वर्षं झाली की त्याला." मग त्यांचं लक्ष हरणाबाईंकडे गेलं आणि त्यांनी पडदा थोडा आपल्याकडे वळवला.

मायाच्या ज्ञानूशी झालेल्या लग्नाला अजून दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. लग्नात तिचं नाव बदललं, गाव बदललं, सांगली जिल्हा सुटून सातारा आला. नंबर तेवढा तोच राहिला होता.

मागच्या बाकावरच्या बायका पुढं सरकून ऐकू लागल्या. मघापासून खोकणारी म्हातारीसुद्धा खोकायची राहिली.

इतके दिवस माया याच वाक्याला भीत आली होती. ते कानावर पडलं तेव्हा तिला काहीच वाटलं नाही. पोटातलं बाळ हललं, तेही दुसऱ्या कुणाच्या पोटात हलावं तसं. आता सासूबाई आपल्याला माहेरच्या गाडीत बसवून देतील आणि घराचं दार कायमचं बंद होईल, हे तिला स्वच्छ कळत होतं. तिकिटापुरते सुटे पैसे पिशवीत आहेत का, एवढंच तिनं चाचपून पाहिलं.

हरणाबाईंना वाचता येत नव्हतं. तरी त्यांनी वाकून पडद्याकडे बघितलं. मग सुनेकडे बघितलं. मायाला मान खाली घालायचंही सुचलं नाही.

"मशीन चुकलंय तुमचं," हरणाबाई म्हणाल्या.

"मावशी, आधारवरनं येतं ते. तसं चुकत नाही."

"चुकलंय म्हंते न्हवं? दुसऱ्या कुणाचं तरी हिच्या नावावर चढलंय. खोडा ते."

"मला नाही हो खोडता येत. ते वरनंच आलेलं असतं."

"मग ऱ्हाऊ द्या. आमाला न्हाई पायजेत ते पैसं." हे त्या बोलल्या सिस्टरशी, पण आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. "ऊठ गं."

स्टँडवर गाडी उभीच होती. सासरच्या गावाकडची. हरणाबाईंनी दोन तिकिटं काढली. एरवी शेजारच्या बाईचं गोत्र काढल्याशिवाय त्यांचा प्रवास व्हायचा नाही. आज त्या तिकिटांच्या घड्या घालत बसल्या. उन्हानं सीट तापली होती, तरी मायानं अंग चोरलं नाही.

"आमच्या ज्ञानूला ठावं हाय?" बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"नगं सांगू."

गाडीनं घाट सोडला. कंडक्टर उरलेले सुटे देऊन गेला.

"पोरगा व्हता का पोरगी?"

मायानं आठवून बघितलं. आठवण्यासारखं तिथं काही नव्हतंच.

"दाखवलंच न्हाई मला."

हरणाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "त्या मशिनीत लिवल्यालं आसंल की."